बुडबुडा मधोमध

१२ मार्च, दुपार

बाबा,

पाकिटाच्या मागे पत्ता आहे. सहा वर्षांत मी जी कार्डं टाकली त्यांच्यावर पत्ता नसायचा, कारण कार्ड पोचेपर्यंत मी तिथून उठलेली असायचे. या वेळी पुढचे तीनेक आठवडे एका जागी आहे. उत्तर लिहाच असं म्हणत नाही. लिहिलंत तर मिळेल, एवढंच.

आई, तू आधी वाचत असशील तर वाच, पण मग बाबांना दे. मागच्यासारखं डब्यामागे ठेवू नकोस.

मी सुट्टीवर आहे. सुट्टीला आधी नोकरी लागते, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणते. नोकरी होती. बंदरावरच्या एका खानावळीत भांडी घासत होते. त्याआधी सिनेमाघरात बॅटरी घेऊन लोकांना खुर्च्या दाखवत होते, त्यामुळे जवळजवळ साठ सिनेमे मी मधूनमधून पाहिलेत आणि एकाचाही शेवट मला माहीत नाही. त्याआधी फळबागेत होते. तिथला मुकादम मला म्हणायचा, तू शिडीवर चढल्यावर खाली काय आणायला चढलीस तेच विसरतेस. खरं होतं ते. वरून फार लांबपर्यंत दिसायचं.

तर काकूचा फोन आला. काकू आठवते ना? आपल्या कारखान्यात कॅरव्हॅनच्या गाद्या आणि पडदे शिवायची ती. विसाव्या वर्षीच पिशवीत सुईदोरा, डोकेदुखीच्या गोळ्या आणि जादा रुमाल घेऊन फिरायची म्हणून काकू. आता तिचं स्वतःचं दुकान आहे, होड्यांच्या ताडपत्र्या शिवते. तिने एक जुनी कॅरव्हॅन घेतली आहे, जीपच्या मागे लावून ओढायची, आणि मला फोनवर म्हणाली, "जिवंत असशील तर ये. तीन आठवडे समुद्राकाठी. नाही म्हणालीस तर मी मेले असं समज."

ही गाडी तुम्ही बघितलीत तर आत पाऊल टाकणार नाही. भुशाच्या दाबलेल्या फळ्या, त्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद. कपाटाचं दार उघडलं की बिजागरीसकट हातात येतं. जेवायचं टेबल खाली पाडून त्याचा पलंग करायचा असतो, आणि तो पलंग झाला की चहाचं सामान त्याच्याखाली अडकतं, म्हणून सकाळी चहासाठी आधी काकूला उठवावं लागतं. पण समुद्र खिडकीत आहे. ताट धुताना समुद्र. दात घासताना समुद्र. मी दोनदा पेस्ट गिळली.

गाडी जरा कलती उभी आहे. काल ताटातलं उकडलेलं अंडं आपोआप माझ्याकडून काकूकडे गेलं. ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी असं लावून दिलं नसतं." मी अंडं परत घेतलं.

आम्ही दोघीच आहोत. तब्येत सांभाळा.

तुमची मुलगी

*

१४ मार्च

बाबा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. आम्ही दोघी नाही, तिघं आहोत. खुंटी आहे.

आता तुम्ही पत्र खाली ठेवलं असेल. चष्मा काढून पुसला असेल. पुसून झाला की परत उचला.

मला माहीत नव्हतं तो येणार आहे. त्यालाही माझं माहीत नव्हतं. काकूने दोघांना वेगवेगळा फोन केला आणि दोघांना सांगितलं, आपण दोघंच आहोत. तो गाड्या लावायच्या तळाच्या फाटकातून आला, खांद्यावर पिशवी, आणि मला बघून तिथेच उभा राहिला. सहा वर्षं. काकू मध्ये उभी राहून म्हणाली, "बघून झालं असेल तर पाण्याचा कॅन उचला, दोघं दोन कड्यांनी धरा." आम्ही धरला. मग नळापर्यंत बोलायला कशाला हवं होतं.

तुम्ही विचारणार नाही, पण सांगते. तो आता मालाची खोकी बनवतो. एका गोदामात. यंत्राने खिळे मारतो, दिवसाला दीडशे खोकी. बाबा, तोच खुंटी, ज्याला तुम्ही पहिली दोन वर्षं फक्त सांध्यात मारायच्या लाकडी खुंट्या तासायला बसवलं होतंत आणि तो एकदाही कंटाळला नव्हता. मी मधेच उठून रंध्याच्या सालपटांच्या माळा करायचे आणि तो तासत असायचा. मी त्याला विचारलं, कुठल्या सुतारकारखान्यात का नाही गेलास? तो म्हणाला, "गेलो ना. चार ठिकाणी. सगळे विचारतात आधी कुठे होतास. सांगितलं की म्हणतात, मग मास्तरांनी का काढलं? ते सांगितलं की म्हणतात, कळवतो."

एवढं बोलून त्याने काकूच्या कपाटाचं पडलेलं दार उचललं आणि ते बसवायला घेतलं. माझ्याशी भांडायला हवं होतं त्याने. मी वाट बघत होते. काकूसुद्धा वाट बघत असावी, कारण ती भाजी चिरत होती ती फार बारीक झाली.

शेवटी मीच म्हणाले, "काहीतरी बोल."

"स्क्रू दे," तो म्हणाला.

"खुंटी."

"तो नाही, बारका."

त्याने अजून दाढी ठेवलेली नाही. उजव्या अंगठ्याचं नख तसंच चपटं आहे, तुमच्या हातोडीखाली आलं होतं ते. तुम्ही स्वतः त्याला दवाखान्यात उचलून नेलं होतं, आणि वाटेत त्यालाच रागावत होतात.

या तळाची मालकीण एक आजी आहे, सत्तरीची, गमबूट घालते. फाटकाजवळ तिने मोठा काळा फळा लावलाय, त्यावर रोज खडूने भरती-ओहोटीच्या वेळा लिहिते. अक्षर तुमच्यासारखं, सगळं उजवीकडे झुकलेलं. ती म्हणाली, येत्या वीस-एकवीसला वर्षातली सगळ्यात मोठी ओहोटी आहे, आणि या हिवाळ्यात वादळांनी किनाऱ्यावरची वाळू खरवडून नेलीय. "या वेळी गुडघे दिसतील," म्हणाली. कसले गुडघे? तर म्हणे बघालच.

मी

*

१७ मार्च

बाबा,

ही तीच जागा आहे. काकूने मुद्दाम इथेच गाडी लावली. मी पहिल्या दिवशीच ओळखली होती, तुम्हाला लिहिलं नाही. टेकडीवर तो पांढरा दीपस्तंभ आहे, खाली खडक, आणि मग वाळू.

आज आजी चहाला आली आणि आम्हाला गोष्ट सांगू लागली. तिने आम्हाला ओळखलेलं नाही. म्हणाली, "हा फळा का लावला माहितीय? सहा वर्षांपूर्वी तीन शहाणे आले होते. नवी कोरी कॅरव्हॅन, अशी सुंदर की मी हात पुसून मग दार उघडलं. सगळा डोंगर सोडून ती वाळूत नेऊन उभी केली. चांगले चार पाय टेकवून. आणि तिघं गेले टेकडीवर भाकरतुकडा खायला."

काकूच्या नाकात चहा गेला. खुंटी खिडकीबाहेर बघत राहिला. आजी म्हणाली, "कोण कुठले कोण जाणे. आईबापांनी काय शिकवलं असेल."

"शिकवलं होतं," मी म्हणाले. आजीला वाटलं मी साखर मागतेय.

तुम्ही ती हकीकत ऐकली ती खुंटीच्या तोंडून, कारखान्याच्या दारात, पाच मिनिटांत. मी तिथे उभी होते, काही बोलले नाही. आता मी सांगते, कारण तुम्ही तेव्हा पुढचं काही विचारलंच नाही.

तुम्ही दोन दिवस लाकूड आणायला गेला होता. त्या दोन निवृत्त शिक्षिका बहिणींची गाडी तयार होती, वॉर्निशचा वास अजून गेला नव्हता. आम्हाला ती एकदा समुद्राकाठी बघायची होती, बस. एवढे महिने तिच्यावर खपलो होतो आणि ती कायम कारखान्याच्या अंधारात, ठोकळ्यांवर. तुमचा नियम आम्ही पाळला, हे लक्षात घ्या. गाडी पाणसळीत आल्याशिवाय एकही खण उघडायचा नाही. नाहीतर चौकट पिरगळते, दारं घासतात. इथे तळावर सगळा उतार. जिथे पाणसळ ठेवावी तिथे तिच्या काचेतला बुडबुडा एका बाजूला पळायचा. मग खाली वाळू दिसली, आणि वाळूत बुडबुडा मधोमध थांबला. जागा ठरली. जीप सोडवून वर ठेवली, गाडीच्या पायांखाली फळ्या घातल्या, चहा केला, सगळे खण उघडून बघितले. कसे सरकत होते, बाबा. बोटाने ढकलला की शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात हवा कोंडून आपोआप हळू व्हायचा.

मग टेकडीवर गेलो. खाली बघितलं तेव्हा वाळू नव्हती.

ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल: ती आधी बुडाली नाही, तरंगली. तुमचं काम इतकं बंद होतं की आत पाणीच शिरलं नाही. भर दुपारी, ऊन पडलेलं, आणि ती पिवळी गाडी पाण्यावर अगदी सरळ, एका अंशाचाही कल नाही, हळूहळू दूर जात होती. जणू तिला कुठे जायचंय ते ठाऊक आहे. आम्ही ओरडायचं विसरलो. मला वाटतं मी तेव्हा जे बघितलं ते परत दिसेल म्हणूनच सहा वर्षं हिंडतेय. मग ती बाहेरच्या लाटांत आडवी झाली आणि गेली.

तुम्ही त्या बहिणींना वर्षभर खपून दुसरी बांधून दिलीत, काकूकडून कळलं. त्यांनी ती घेतली, पण तोवर गावभर बोभाटा झाला होता.

मी मुद्द्यावर येत नाहीये, हे मला कळतंय. उद्या लिहीन.

*

२१ मार्च

उद्या म्हणाले होते, चार दिवस झाले. पण आता मला नीट लिहू द्या.

काल सकाळी आजीने दार वाजवलं. "गमबूट घाला. समुद्र उठून गेलाय."

खरंच गेला होता. बाबा, मी बऱ्याच ठिकाणी समुद्र पाहिला, पण असा रिकामा कधी नाही. एरवी जिथे लाटा फुटतात त्याच्याही पलीकडे, पार पलीकडे, नुसती ओली वाळू, आणि तिच्यात अख्खं आभाळ उतरलेलं. चालताना आपण ढगांवर पाय देतोय असं वाटायचं. आवाज नाही. पाणी एवढं लांब की त्याची नुसती एक चमकती रेघ. आपण कुणाच्या तरी घरात ते बाहेर गेलेले असताना शिरलोय, असं मला वाटत होतं. मी कुजबुजत बोलत होते. काकूही.

आणि मग गुडघे. वाळूतून काळे काळे वर आलेले, दहा, वीस, मग मोजता येईनात इतके. जवळ जाऊन बघितलं तर झाडं. झाडांचे बुंधे. मुळं चारी बाजूंना पसरलेली, जशी काल कुणी कापून नेली. आजी म्हणाली, इथे जंगल होतं, हजारो वर्षांपूर्वी, समुद्र तेव्हा कोसभर मागे होता. मग तो आला. वाळूखाली हवा पोचत नाही म्हणून लाकूड कुजलं नाही.

खुंटी वाळूत गुडघे टेकून बसला. त्याने एका बुंध्यावर तळहात ठेवला, जसा तुम्ही नव्या फळीवर ठेवता, डोळे मिटून. मग नखाने खरवडलं. "साल आहे," तो म्हणाला. "अजून साल आहे याच्यावर." नखाखाली तांबूस निघालं. त्याने वास घेतला आणि बोट माझ्या नाकाशी धरलं. लाकडाचा वास होता. हजारो वर्षं समुद्राखाली राहून कारखान्याचा वास. काकूनेही वाकून वास घेतला.

आम्ही पाण्याच्या रेघेच्या दिशेने चालत राहिलो, बुंध्यांमधून. मी पुढे होते, कारण मला प्रत्येक बुंधा बघायचा होता. एका ठिकाणी मुळं चौकोनी होती. मी थांबले. झाडाची मुळं चौकोनी नसतात हे कळायला मला थोडा वेळ लागला.

आमची चौकट होती, बाबा. तुमची. दोन बुंध्यांत अडकून बसलेली, आडवी, अर्धी वाळूत. पत्रा नव्हता, छप्पर नव्हतं, चाकं कधीच गेली होती. उरलं होतं ते तळाचं लाकूड, एक बाजू आणि पलंगाखालचं कपाट. लोखंडाची प्रत्येक गोष्ट खाऊन टाकली होती समुद्राने. सांधे जागच्या जागी. खुंटीने वाळू उपसली, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "खुंट्या माझ्या आहेत." मग दुसरा सांधा. "ही पण." तो एकेक मोजत गेला, जणू हरवलेली गुरं परत आली. एकही हललेली नव्हती. मग तो तिथेच वाळूत बसला आणि तोंडावर हात ठेवला. काकूने पिशवीतून जादा रुमाल काढला. तो या कामासाठीच असतो बहुतेक.

खालचा खण बंद होता. मी ओढला. शपथेवर सांगते, तो सरकला. वाळूने घासत, चिवट, पण सरकला, आणि परत ढकलला तेव्हा शेवटच्या दोन बोटांत हळू झाला.

तुम्हाला माहीत आहे मी पुढे काय केलं. तो पूर्ण बाहेर काढला आणि उलटा केला. तुमच्या कारखान्यात सर्वात खालच्या खणाच्या पोटाशी ज्यांनी गाडी बांधली त्यांनी पटाशीने आपापली खूण कोरायची असते. तुमचं वर्तुळ, खुंटीची उभी रेघ, काकूची सुई. आणि माझी चिमणी, पहिल्यांदाच, कारण त्याआधी मी एकही काम शेवटपर्यंत केलं नव्हतं. चोच जरा जास्त झालेली. तुम्ही तेव्हा बघून "हं" एवढंच म्हणाला होता.

चिमणीखाली तुमची तिरकी रेघ आहे. मनासारख्या फळीवर तुम्ही मारता ती. मी कोरून झाल्यावर तुम्ही कधीतरी कोरली असणार. मी ती कधी पाहिली नव्हती.

खिशात तुमची पाणसळ होती. मी ती तिथल्या वाळूवर ठेवली. बुडबुडा मधोमध. थोडं पुढे ठेवली, मधोमध. दहा पावलं पलीकडे, मधोमध. तेव्हा कुठे मला कळलं, सहा वर्षांनी. इतकी सपाट जागा आपोआप होत नसते. तिच्यावर रोज दोनदा कुणीतरी रंधा मारत असतं. सुतारांच्या पोरांनी एवढं ओळखायला हवं होतं.

पाणी परत यायला लागलं तसं आम्ही कपाट आणि खण आजीच्या हातगाडीवर घालून वर आणले.

*

२२ मार्च

बाबा,

कालच्या पत्रात एक वाक्य होतं, तुमची पाणसळ माझ्या खिशात होती. तुम्ही तिथे थांबला असाल. खुंटीने तुम्हाला सांगितलं होतं की पाणसळ त्याच्या हातात होती आणि समुद्रात गेली.

ती त्याच्या हातात नव्हती. जागा मी शोधली. "जागा ठरली" असं मी लिहिलं ना, ती ठरली नाही, मी ठरवली. तो जीपपाशी होता. मी वाळूतून ओरडले, इकडे आण. तो म्हणाला, "इथे? वाळूत?" मी म्हणाले, "मास्तरांचा नियम तुला माहीत आहे का मला? बुडबुडा बघ." तो म्हणाला, वर कुणाला तरी विचारू या. मी म्हणाले, तू जन्मभर खुंट्याच तासत बसणार. मग त्याने गाडी आणली.

परत येताना वाटेत तो म्हणाला, "मी सांगतो मास्तरांना. मला फार तर हाकलतील. तुझं कळलं तर त्यांचं मन मोडेल, नुकती कुठे तू कामाला लागलीयस." मी नको म्हणाले नाही. तुम्ही त्याला दारातून परत पाठवलंत, अवजारांची पेटीसुद्धा दिली नाहीत, तेव्हा मी चौकटीला धरून उभी होते आणि पाणसळ माझ्या झग्याच्या खिशात होती. तीन महिने मी त्याच्या रिकाम्या पाटापुढे बसले आणि मग निघाले. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, पोरीच्या पायाला भिंगरी आहे. आहेच. पण ती त्या दिवशी लागली.

खुंटीला मी आज सांगितलं की मी हे लिहितेय. तो म्हणाला, नको लिहू, सहा वर्षांत माणूस सवय करून घेतो. काकू म्हणाली, "तू गप्प बस. तुझ्या चांगुलपणाने दोघांचं वाटोळं झालंय." आणि माझ्याकडे वळून, "आणि तू हे पाकीट बंद कर, नाहीतर परत चार दिवस समुद्राचं वर्णन लिहीत बसशील."

मला क्षमा नको, म्हणजे हवी आहे, पण ते नंतर. चार कारखान्यांनी त्याला विचारलं, मास्तरांनी का काढलं. तुमचा एक शब्द गेला तर परत विचारणार नाहीत. तेवढं करा. सोबतच्या पुडक्यात पाणसळ आहे, मोज्यात गुंडाळलेली. मोजा धुतलेला आहे.

आजी म्हणते ते लाकूड सुकलं तर फुटेल. आम्ही ते गाडीच्या सावलीत ठेवलंय, पुढे काय करायचं ते कळत नाही.

*

३ एप्रिल

बाबा,

हे पत्र टपालात टाकत नाही. तुम्ही याल तेव्हा टेबलावर असेल, कारण तुम्ही दारात उभे राहिलात की मला यातलं काहीच तोंडाने सांगता येणार नाही.

तुमचं कार्ड काल आलं. आजीने फाटकातून हलवत आणलं. मी वाचलं, मग काकूने वाचलं, मग काकूने मोठ्याने वाचलं, कारण खुंटी हात पुसत होता आणि त्याला ते हातात घ्यायचं नव्हतं:

"पाणसळ मिळाली. काच शाबूत आहे. लाकूड उन्हात नको. ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवावं, गोडं पाणी, खारं नाही. पोतं सुकू देऊ नये. मी शनिवारी येतो. पेटी आणतो. पोती भिजवण्याचं काम खुंटीकडे द्यावं. तुझ्याकडे नको."

सगळं कार्ड एवढंच. आईने खाली बारीक अक्षरात लिहिलंय, स्वेटर घालतेस का.

खुंटीने विचारलं, "पेटी म्हणजे?"

"शवपेटी," काकू म्हणाली. "तुझी अवजारांची, गाढवा. दुसरी कुठली."

तो उठला, बादली घेऊन नळावर गेला आणि तिथे जरा जास्तच वेळ लागला. तेव्हापासून तो दर तासाला पोती भिजवतो. मी एकदा सहज बादलीला हात लावला तर म्हणाला, "कार्डावर काय लिहिलंय?" सहा वर्षांत पहिल्यांदा तो मला ओरडला. मी एवढी खूश झाले की बादली माझ्याच पायावर सांडली.

"तुझ्याकडे नको" हे मी पुष्कळदा वाचलं. ते बरोबर आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. खरं तर इतकं हलकं मला फक्त त्या ओल्या वाळूवर वाटलं होतं, आभाळावर पाय देताना. वाळू परत आली आहे, गुडघे झाकले गेले. आता तिथे बघितलं तर साधा किनारा दिसतो, लोक कुत्रे फिरवतात. खाली अख्खं जंगल उभं आहे आणि त्यांना पत्ता नाही. मी दिवसातून चारदा जाऊन बघून येते.

काकूचं दुकान उघडायचं होतं म्हणून ती काल संध्याकाळच्या बसने गेली, गाडी आमच्यासाठी ठेवून. जाताना म्हणाली, माझी कपाटं मास्तरांच्या नजरेला पडू देऊ नका. ते काही जमणार नाही. खुंटीने दारं बसवलीत, पण कागदावरचं छापील लाकूड तुम्हाला फाटकातूनच दिसेल.

शनिवारसाठी आम्ही गाडी परत लावली. वर, फळ्याच्या बाजूला, पाण्यापासून लांब. पाणसळ तुमच्याकडे आहे, म्हणून बशीत पाणी घालून बघत होतो. खुंटी चाकाखाली पाचर सारायचा, मी बशीपाशी. तो विचारायचा, "आता?" मी म्हणायचे, "मला सरळ वाटतंय." मग तो स्वतः आत येऊन बघायचा. तीनदा आला. तिसऱ्यांदा म्हणाला, "मलाही वाटतंय. पण मास्तर बघतील."

चमचे आणि चहागाळणी खालच्या खणात आहेत. कालपासून आम्ही चहा फडक्याने गाळतो आणि साखर काडीने ढवळतो. तुम्ही पाणसळ घेऊन या. तोवर आम्ही एकही खण उघडत नाही.